बाळाचं गाऱ्हाणं कोण घालणार?

आमच्या देवगड तालुक्यात देवळात गाऱ्हाणं घालायची रीत आहे. ज्याच्यावर काही बेतलेलं असतं तो हात जोडून उभा राहतो आणि त्याच्या वतीने गावकर, घाडी किंवा गुरव देवाशी बोलतो. बोलण्याआधी तो हळूच विचारून घेतो, काय सांगायचं, कुणाच्या नावाने, दुखणं आहे की नोकरी अडलीय. मग 'बा देवा म्हाराजा' म्हणून मोठ्याने सुरुवात होते आणि वाक्यावाक्याला जमलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणतात. तपशील चुकला तर मागे उभी असलेली घरची बाई तिथल्या तिथे सांगते, 'थोरल्याचा नाय हो, धाकट्याचा.' गाऱ्हाणं घालणारा तेवढं सुधारून घेतो आणि पुढे जातो. आवाज त्याचा असतो, म्हणणं ज्याचं त्याचं.

देवासमोर ही सोय आहे. तलाठ्यासमोर, बँकेत, दवाखान्यात, दुय्यम निबंधकासमोर आणि आपल्याच घरच्यांसमोर ज्यांना स्वतःचं म्हणणं मांडता येत नाही, त्यांचं गाऱ्हाणं घालायला मात्र कुणी नाही. मी बोलते आहे बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसांबद्दल. 'मतिमंद' हा शब्द अजून आपल्या तोंडी आहे, गावात तर 'खुळो' म्हटलं की काम भागतं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांतले सुमारे १५ लाख या गटातले होते. मुलं म्हणून त्यांच्याकडे थोडं तरी लक्ष जातं. विशेष शाळा असते, बाई असतात, स्नेहसंमेलनात नाच असतो. अठरावं वर्ष उलटलं की शाळा संपते आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं हा माणूस पडवीत बसून काढतो. गावाच्या लेखी तो मूलच राहतो.

माझं म्हणणं असं आहे की अशा प्रत्येक प्रौढ माणसाला घरच्यांखेरीज आणि संस्थेखेरीज एक तिसरा माणूस हवा. त्याने पगार घेऊ नये, पालक होऊ नये, जमिनीत आणि पेन्शनीत त्याचा काडीचा संबंध नसावा. या माणसाला काय हवंय ते शोधून काढणं आणि जिथे निर्णय होतो तिथे जाऊन ते सांगणं, एवढंच त्याचं काम. आणि हे काम करणारी माणसं आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतच आहेत.

मी एकतीस वर्षं पोस्टात नोकरी केली. निवृत्त होऊन गावी आले आणि गेली सहा वर्षं एका माणसाची अशी सोबत करते आहे. त्याचं खरं नाव इथे देत नाही. वाडीतही ते कुणी घेत नाही, सगळे त्याला बाळा म्हणतात. आधार कार्डाप्रमाणे बाळाला सत्तेचाळीस वर्षं पूर्ण झालीत. हे लिहिण्याआधी त्याला आणि त्याच्या आईला विचारलं आहे. तो मला 'पोस्टाची बाय' म्हणतो.

बाळाचे वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. सातबाऱ्यावर तिन्ही भावांची नावं चढली आणि त्यांच्यापुढे 'अपाक' असा शेरा पडला. अपाक म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वारस अज्ञान आहे, त्याच्या वतीने आई बघते, असा त्याचा अर्थ. थोरले दोघे सज्ञान झाले, मुंबईला लागले, त्यांनी अर्ज करून आपापले शेरे काढून घेतले. बाळाचा शेरा तसाच राहिला. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसापुढे सरकारी कागदावर आजही 'अज्ञान' लिहिलेलं आहे आणि ते कुणाला खटकलेलं नव्हतं, कारण सगळ्यांच्या मनातही तेच होतं.

मग किनाऱ्याकडच्या जमिनीचे भाव वाढले. आई एकोणऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले. भाऊ डोंबिवलीला आणि विरारला. गणपतीत सगळे घरी जमले तेव्हा खालची जागा विकायची आणि आईला व बाळाला डोंबिवलीला न्यायचं असं ठरलं. मध्यस्थाने सांगितलं, बाळाचं हक्कसोडपत्र करून घ्या, अंगठा तर द्यायचाय. आरतीच्या आधी हे बोलणं चाललं होतं आणि बाळा तिथेच माटवीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, बसून दूर्वा निवडत होता. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

भाऊ वाईट नाहीत. ही गोष्ट मला इथे स्पष्ट लिहायची आहे, कारण या विषयावर बोलताना घरच्यांना खलनायक करणं फार सोपं असतं. आईने चाळीस वर्षं त्याचं सगळं केलं, भावांनी दर महिन्याला पैसे पाठवले. कोकणात अशी घरं गावोगाव आहेत. मुंबईने घरातली कर्ती माणसं नेली आणि मागे राहिली म्हातारी आई, कुलूप लावलेल्या खोल्या आणि एक असा मुलगा, ज्याच्या जिवावर घरात दिवा लागतो. आई आहे तोवर हे चालतं. आई गेली की अख्ख्या भावकीला दोन दिवसांत त्याचा निकाल लावायचा असतो, बाराव्याची रजा संपायच्या आत. माया असलेल्या माणसालाही तेव्हा घाई असते, त्याचा स्वतःचा संसार असतो, त्याचा वाटा असतो. म्हणून ज्याचा वाटा नाही असा माणूस तिथे लागतो.

कायदा या बाबतीत आपल्या मनापेक्षा बराच पुढे आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा झाला तो आईबापांच्या 'आमच्यानंतर काय' या प्रश्नातून. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमायचा अधिकार त्याने जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला दिला. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ती समिती. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा, इतकं नेमकं त्यात लिहिलेलं आहे.

पण त्याच कायद्याचं सतरावं कलम वाचताना मी थांबले. पालक छळ करत असेल किंवा मालमत्ता खात असेल तर त्याला काढून टाकायचा अर्ज कोण करू शकतो? आईबाप, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था. ज्याचा छळ होतोय त्या माणसाचा त्या यादीत उल्लेख नाही. त्याच्यासाठी इतका काळजीपूर्वक केलेला कायदा, आणि तक्रार करायची वेळ आली की तो स्वतः दाराबाहेर.

भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला आणि त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगायचा, वारसाने घ्यायचा आणि आपले पैसे आपण सांभाळायचा हक्क दिला आहे. मदत करणाऱ्याने गैरवाजवी दबाव आणू नये, असंही तिथेच म्हटलं आहे. चौदावं कलम मर्यादित पालकाचं. पुरेशी मदत देऊनही ज्याला कायदेशीर निर्णय घेता येत नाही त्याला एका ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळापुरता पालक द्यावा आणि त्या दोघांनी परस्पर विश्वासाने मिळून निर्णय घ्यावा, अशी ती कल्पना. सगळा माणूस ताब्यात द्यायचा नाही, एका प्रश्नापुरता आधार द्यायचा. मला हे कलम फार आवडतं. 'पुरेशी मदत देऊनही' हे शब्द त्यातले सगळ्यात महत्त्वाचे. ती मदत कोण देणार, यावर मात्र आपल्या गावपातळीवर काहीच उभं नाही.

दुसऱ्या टोकाला १९०८ चा नोंदणी कायदा आहे. दस्त करून देणारा वेडा किंवा जडबुद्धीचा वाटला तर निबंधकाने नोंदणी नाकारायची, असं तो सांगतो. म्हणजे कागदावर बाळाचा अंगठा चालतच नाही. प्रत्यक्षात तिथे रांग असते, मध्यस्थ घाई करत असतो, भावाने 'सांग रे नाव' म्हटलं की बाळा नाव सांगतो. बघणाऱ्याला काही वेगळं वाटलं नाही की अंगठा उमटतो. एकतर हा माणूस काहीच ठरवू शकत नाही, नाहीतर त्याने सगळं समजून उमजून सोडून दिलं. मधली जागा, जिथे बाळा खरा राहतो, ती कुठल्याच टेबलावर नाही.

मी भावांना एवढंच म्हटलं की जागा विका किंवा नका विकू, त्याला विचारा. त्या दोघांतला धाकटा चिडला. 'काकीनू, हो आमच्या घरातलो प्रश्न आसा,' म्हणाला. मग स्वतःच हाक मारली, 'बाळा, येतंस मा डोंबिवलीक?' बाळा हसून म्हणाला, 'होय.' भावाने माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, 'बाळा, हयच रवतंस?' म्हणजे इथेच राहतोस का? बाळा म्हणाला, 'होय.'

हे होय म्हणणं समजून घेतल्याशिवाय या कामात पाऊल टाकू नये. लहानपणापासून ज्याला हो म्हटलं की शाबासकी आणि नाही म्हटलं की ओरडा मिळाला आहे, तो माणूस प्रश्न ऐकत नाही, विचारणाऱ्याचा चेहरा वाचतो. त्याला फसवायला खोटं बोलावं लागत नाही, हसून विचारलं की पुरतं. म्हणून एकदा विचारून उत्तर मिळालं असं कधी धरायचं नाही. उलटा प्रश्न विचारायचा. वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने विचारायचं. शेजारी कोण उभं आहे ते बघायचं; आई जवळ असली की बाळा आधी तिच्या तोंडाकडे बघतो. आणि शब्दांवर फार विसंबायचं नाही.

मी फोटो काढून आणले. त्यांचं घर, डोंबिवलीची सोसायटी, घाटावरच्या एका वसतिगृहाचं अंगण. ते घेऊन मी सकाळी त्यांच्या पोफळीच्या बागेत जायचे, कारण सकाळी तो तिथेच असतो. पंप सुरू झाला की पाटाने पाणी येतं. बाळा अनवाणी उभा राहतो, पायाच्या अंगठ्याने मातीचा बांध फोडतो, आळ्यात पाणी चढेपर्यंत बघत राहतो आणि बरोबर वेळेला टाचेने बांध बुजवून पुढच्या आळ्याकडे वळतो. किती पाणी पुरे झालं हे त्याला कुणी सांगत नाही. आकडे त्याला वीसच्या पुढे येत नाहीत, पण कुठल्या पोफळीला काल पाणी कमी पडलं ते आठवतं. पहिल्या दिवशी मी नुसती बसले. फोटो चौथ्या की पाचव्या दिवशी काढले. डोंबिवलीचा फोटो त्याने बघितला आणि दगडावर पालथा घातला. महिनाभरात मी तो चार वेळा दाखवला, चारही वेळा पालथा घातला. वसतिगृहाचा फोटो तसा घातला नाही, नुसता बाजूला ठेवला.

तेवढ्यावर मी निकाल लावला नाही. न बघितलेल्या जागेबद्दल कुणी काय सांगणार? भावाने त्याला चार दिवस डोंबिवलीला न्यावं, असं आम्ही ठरवलं आणि त्याने नेलं. नवा शर्ट घेतला, बागेत फिरवलं, भावजयीने त्याच्या आवडीचे मासे केले. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून बाळाने घरातली प्रत्येक बादली, पातेलं, हंडा नळाखाली भरून ठेवला. भरायला काही उरलं नाही तेव्हा पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसला तो संध्याकाळपर्यंत. रात्री भावाचा मला फोन आला. 'काकीनू, ह्येका हय जमाचा नाय.' जो भाऊ मला बाहेरची म्हणाला होता, त्यानेच बाळाचं गाऱ्हाणं घातलं, आणि अगदी बरोबर घातलं.

या सगळ्याला आठ महिने लागले. आमच्याकडे कुठलाही निर्णय अशा माणसासाठी आठ महिने थांबत नाही, आणि सगळं तिथेच बिनसतं.

माझ्याही हातून चूक झाली आहे, ती सांगायला हवी. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाळाने घरी बसू नये, प्रौढांच्या कार्यशाळेत जावं, चार माणसांत मिसळावं. मी घरच्यांशी भांडले, दाखले गोळा केले, गाडीची सोय लावली. मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करायचं काम होतं, शिकवणारी माणसं चांगली होती. अकरा दिवस तो गेला. बाराव्या दिवशी गाडीचा हॉर्न ऐकून गोठ्यात जाऊन लपला. गाडी यायची त्याच वेळी पंप सुरू व्हायचा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी त्याचं भलं चिंतत होते, त्याचं म्हणणं मांडत नव्हते. हितचिंतक गावात पुष्कळ असतात. या कामाला लागणारा माणूस हितचिंतक असून भागत नाही, कारण हितचिंतकाला स्वतःचं मत असतं आणि ते त्याला फार प्रिय असतं.

परदेशात हे काम बऱ्याच वर्षांपासून रुजलेलं आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात १९७० साली वुल्फ वुल्फेन्सबर्गर यांच्या कल्पनेतून याचं पहिलं कार्यालय सुरू झालं. साध्या नागरिकाने एका दिव्यांग माणसाची बाजू आपली म्हणून धरायची, अशी ती कल्पना. इंग्लंडमध्ये अशा स्वयंसेवकाला अ‍ॅडव्होकेट म्हणतात. कोर्टातल्या वकिलाशी त्याचा संबंध नाही. तिथल्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याचं पहिलं तत्त्व असं की निर्णय घेता येत नाही हे सिद्ध होईपर्यंत माणसाला तो घेता येतो असंच धरायचं. आणि दुसऱ्यांना शहाणपणाचा वाटला नाही म्हणून निर्णय रद्द ठरत नाही. २०१४ च्या काळजी कायद्याने पुढचं पाऊल टाकलं. सरकारी मदतीची आखणी होताना ज्याला आपलं म्हणणं मांडायला फार अडचण आहे आणि ज्याच्या बाजूने उभं राहायला योग्य असं कुणी नाही, त्याला स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट देणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक आहे. (इंग्लंडमध्ये ज्याला 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात ते बाळासारख्यांचं, आपल्याकडे अध्ययन अक्षमता म्हटलं की वाचन-लेखनातली अडचण, आणि आपला कायदाही हे दोन वेगळे मानतो. इंग्रजी माहिती वाचणाऱ्या पालकांचा इथे नेहमी गोंधळ होतो.)

त्यांचं सगळं उचलून इथे आणा, असं मी म्हणत नाही. तिथे कार्यालयं आहेत, इथे भावकी आहे. पण तिसरा माणूस नसला की काय होतं ते आपण महाराष्ट्रात बघितलेलं आहे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीच्या दिवसांत स्वच्छता ठेवता येत नाही, असं कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. त्या मुलींना काय वाटत होतं, हे टेबलाभोवती बसलेल्या कुणीच त्यांना विचारलं नव्हतं. पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, चंदीगडच्या एका तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. तिला मूल हवं होतं. ते तिने सांगितलं होतं आणि कुणीतरी ते न्यायालयापर्यंत पोचवलं होतं.

आपल्या कोकणातलं उदाहरण त्याहून जवळचं आहे. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ कळंबोलीच्या एका संस्थेत मतिमंद मुलींवर अत्याचार होत होते. २०११ मध्ये ते उघडकीला आलं आणि २०१३ मध्ये न्यायालयाने दोषींना शिक्षा दिली. बाहेरची माणसं आत जाऊन त्या मुलींशी बोलली, तेव्हा हे कळलं. आत पगारी माणसं होती, कागदावर तपासण्याही होत असणार. नसायचं ते एकच, की प्रत्येक मुलीला भेटायला येणारं, तिची ओळख असलेलं, तिचा चेहरा उतरलेला ओळखणारं बाहेरचं माणूस. फौजदारी कायद्यात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा मुलीचा जबाब विशेष शिक्षकाच्या किंवा दुभाष्याच्या मदतीने घेता येतो. पण जबाबाची वेळ येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

यावर घेतला जाणारा सगळ्यात खरा आक्षेप माझ्या तोंडावर घेतला गेला आहे. 'उद्या तूच त्याचा अंगठा घेतलास तर?' हा प्रश्न विचारणाऱ्याचा मला राग आला नाही. जमिनीपायी इथे सख्ख्या भावांची तोंडं फिरलीत, परक्या बाईवर कुणी का विश्वास ठेवावा? म्हणून या कामाला लगाम हवेत आणि ते कडक हवेत. सोबत करणाऱ्याने पासबुक, एटीएम, घराची किल्ली हातात घ्यायची नाही. भेट म्हणून आंब्याची पेटीही नाही. त्याने किंवा त्याच्या घरच्याने त्या माणसाचा पालक व्हायचं नाही, जमीन घ्यायची नाही, मृत्युपत्रात नाव येऊ द्यायचं नाही. तो भावकीतला नसावा, आणि शक्यतो शेजारच्या गावचा असावा, म्हणजे गावच्या गटातटाचं ओझं त्याच्यावर येत नाही. प्रत्येक भेटीची तारीख आणि काय कळलं ते वहीत लिहायचं आणि ती वही घरच्यांनी, समितीने कधीही मागितली तर दाखवायची. माझी पाचवी वही चालू आहे.

दुसरा आक्षेप असा की ज्याला बोलताच येत नाही, ज्याची अक्षमता तीव्र आहे, त्याचं काय? त्याला 'म्हणणं' असतं का? असतं. घास कुणाच्या हातून घेतो, कुणाच्या चाहुलीने अंग आक्रसतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, हे सगळं म्हणणंच आहे. आई ते वाचते म्हणून तो जगतो. आई असतानाच दुसऱ्या कुणीतरी ते तिच्याकडून शिकून, लिहून ठेवायला हवं, कारण ती गेल्यावर ती भाषा जाणणारं जगात कुणी उरत नाही.

आणि माणसं कुठून आणायची? आमच्या किनाऱ्यावर बाकी कशाची टंचाई असेल, निवृत्त माणसांची नाही. शिक्षक, एसटीतले, बँकेतले, पोस्टातले, गोदीतले, मुंबईहून परतलेले. कचेरीत कुठल्या टेबलावर कुठला कागद जातो हे त्यांना पाठ आहे. पेन्शन आहे, सकाळ मोकळी आहे. आशाताईंवर किंवा अंगणवाडीच्या बाईंवर हे लादू नये, त्यांच्या डोक्यावर आधीच भाऱ्यावर भारे आहेत. तालुक्याला अशी वीस माणसं तयार झाली तर पहिल्या वर्षी पुरे. एकाने एकाचीच सोबत करायची, फार तर दोघांची.

सरकारकडे मागायचं ते थोडं आहे. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीने अशा स्वयंसेवकांची यादी ठेवावी, ओळखपत्र द्यावं आणि चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचा हक्कसोड, वाटणी, पालकत्व किंवा संस्थेत प्रवेश, यांतला कुठलाही अर्ज आला की या यादीतलं एक माणूस त्याला निर्णयाआधी किमान तीनदा भेटलं पाहिजे, असा नियम करावा. सतराव्या कलमात त्या माणसाला स्वतःला तक्रारीचा हक्क मिळावा, यासाठी दुरुस्ती व्हायला हवी, पण तोवर थांबायचं कारण नाही. प्रवासखर्चाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतोच. त्यातून ग्रामसभेच्या संमतीने स्वयंसेवकाचं एसटीचं भाडं देण्याची मुभा सरकारने द्यावी. मला स्वतःला ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जायला २०२३ पासून अर्धंच तिकीट पडतं. पासष्टीच्या आतल्या पुरुष स्वयंसेवकाला पूर्ण पडेल आणि पेन्शनीतून महिन्याला दोन फेऱ्या काढणं प्रत्येकाला झेपणार नाही. पगार मात्र देऊ नये. पगार आला की वरून हुकूम येतो, आणि हुकूम आला की तिसरा माणूस दुसरा होतो.

बाळाचं आता असं ठरलं आहे. हक्कसोडपत्र झालेलं नाही. अपाकचा शेरा काढायचा अर्ज दिला आहे. खालच्या जागेच्या एका व्यवहारापुरता मर्यादित पालक मिळावा म्हणून थोरल्या भावाने अर्ज तयार केला आहे, आणि बाळाच्या वाट्याचे पैसे त्याच्या नावावर ठेवायचं त्याने लिहून दिलं आहे. जागा विकली जाईल. बाळाला त्या जागेचं काही नाही, ती समुद्राकडची कातळाची जागा, तिथे तो जातही नाही. त्याला पोफळी हव्यात आणि त्या विकायच्या नाहीत, हे सगळ्यांना पटलं आहे. आईनंतर घरात कोण राहणार हा प्रश्न सुटलेला नाही. चुलत भावजय राहायला तयार आहे, पण बाळा तिच्या हातचं जेवतो की नाही ते अजून बघायचं आहे. ती आता दर गुरुवारी येते.

ओरोसची तारीख लागेल तेव्हा बाळाने स्वतः बोलावं, असं आम्ही ठरवलं आहे. आळ्यात पाणी चढत असताना आम्ही सराव करतो. मी साहेब होते आणि विचारते, 'खय रवतलंस?' सुरुवातीला तो 'होय' म्हणायचा. हल्ली हात करून बागेकडे दाखवतो आणि म्हणतो, 'हय.' एवढं पुरेसं आहे की नाही हे समितीने ठरवायचं. मी वहीत दर वेळची तारीख लिहून ठेवली आहे.

माझा डावा गुडघा आता एसटीची पायरी चढताना दुखतो. बाळाला माझ्यानंतरचं माणूस आत्ताच भेटायला हवं. देवगड, मालवण, राजापूर, कुठल्याही गावचं चालेल. पहिले काही दिवस काही करायचं नाही. सकाळी सातला पंप सुरू होतो. त्याआधी येऊन बांधावर बसायचं आणि त्याच्या हातात खोरं असलं तरी ते घ्यायला जायचं नाही.